वारा कोणाचा?



या व्यासपीठावर आजवर आपण मोठमोठ्या विद्वानांची भाषणे ऐकली आहेत. मी त्या मालिकेत बसणारा माणूस नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण दिवसा जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाठी उचलून आणि रात्री युनियनच्या कचेरीतील एका लाकडी कपाटातली पुस्तके वाचून झाले. चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "पवनचक्की." ते जरा चमकले. म्हणाले, "कामगारांच्या प्रश्नावर बोलणार नाही का?" मी म्हणालो, "त्यावरच बोलणार आहे."

आपल्यापैकी पुष्कळांनी धुळ्याहून सुरतेच्या रस्त्याने प्रवास केला असेल. साक्री तालुका लागला की डोंगरमाथ्यावर पांढऱ्या पवनचक्क्यांची रांग दिसू लागते. ब्राह्मणवेलच्या परिसरातील या चक्क्यांची एकूण शक्ती पाचशे मेगावॅटच्या वर आहे. मोटारीतली मुले खिडकीला नाक लावून त्या मोजतात. मीही पहिल्या वेळी मोजल्या. मग मनात आले, हिला आपण चक्की का म्हणतो? ही तर काहीच दळत नाही. चक्की म्हणजे दळणारी. मग हे नाव आले कोठून? या एका शब्दाच्या मागे लागलो आणि फार लांब जाऊन पोहोचलो. पण लांब जाण्याआधी मी आपल्याला माझ्या आजीच्या ओसरीवर नेतो.

माझी आजी तरुणपणीच विधवा झाली. शेत नव्हते. तिच्याजवळ होते एक दगडी जाते, ज्याला आपल्याकडे कोणी घरोट म्हणतो, कोणी घट्या म्हणतो. पहाटेच्या अंधारात उठून ती चार घरांचे दळण दळी. त्याच्या बदल्यात जे धान्य मिळे त्यावर तिने तीन मुले वाढवली. दळणकांडण करून मुलांना वाढवले असे आपण सहज बोलून जातो. त्या शब्दांत किती दगड फिरले आहेत याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. जात्याला टाकी लावणारा गावात आला की ती त्याला आधी भाकरी देई आणि मग काम सांगे, कारण जाते गुळगुळीत झाले की खांदा दुप्पट दुखे.

सुगीत ती खळ्यावर उपणायला जाई. उपणणारा उंच तिवईवर उभा राहतो, धान्याची पाटी हळूहळू ओततो, वारा भूस उडवून नेतो आणि दाणा खाली पडतो. यात वाऱ्याची वाट पाहावी लागते. एकदा वारा चांगला सुटलेला असताना खळेवाल्याने तिला बाजूला व्हायला सांगितले, कारण त्याला आधी आपली रास उपणायची होती. आजी म्हणाली, "खयं तुन्हं शे, पन वारा काय कोना बापना शे?" हे वाक्य ती आम्हाला म्हातारपणी हसत हसत सांगायची. मीही हसायचो. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

याच मातीतल्या बहिणाबाई चौधरी यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. परंतु त्यांनी घरोटावरही गाणे रचले आणि उपणणीवरही रचले. त्या १९५१ मध्ये वारल्या आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयटवॅ यांनी महाराष्ट्रातील गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. विचार करा, एखाद्या कामावर लाखभर ओव्या का निर्माण होतात? हौसेने नव्हे. काम इतके लांब, इतके एकसुरी आणि इतके कष्टाचे असते की गाण्याशिवाय ते पार पडत नाही.

आता प्रश्न असा की, ज्या खानदेशात उपणणीसाठी वारा हजारो वर्षे वापरला, तेथे दळण्यासाठी कोणी का वापरला नाही? वाऱ्याची शक्ती आपल्याला ठाऊक नव्हती असे नाही. वैशाख-जेठातल्या एका वादळात उभी केळीची बाग आडवी झालेली आपण सर्वांनी पाहिली आहे. मला त्याची तीन कारणे दिसतात. एक, आपला वारा हंगामी. पावसाळ्यात तो जोरात वाहतो आणि हिवाळ्यात पान हलत नाही. दुसरे, बाजरीचे पीठ चार दिवसांत कडू होते, म्हणून दळण थोडे थोडे आणि रोजच्या रोज हवे. आज वारा नाही, उद्या या, असे भुकेल्या पोराला सांगता येत नाही. आणि तिसरे कारण मला सगळ्यांत खरे वाटते. घरातल्या बाईचा हात फुकट होता. जे काम फुकट होते, त्यासाठी यंत्र शोधण्याची तसदी कोण घेतो?

तरीही आपल्या महाराष्ट्रात एक जुनी चक्की उभी आहे आणि ती वाऱ्याऐवजी पाण्यावर चालणारी आहे. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की. त्या शहराला पाणी पुरवण्याची मोठी परंपरा आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी गाव वसवले आणि जमिनीखालून नहर आणली. पुढे बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याला असेच पाणी आणले गेले. हर्सूलकडच्या डोंगरातला झरा मातीच्या नळांतून काही कोस जमिनीखालून येतो, एका उंच भिंतीत आपल्याच दाबाने चढतो आणि वरून चादरीसारखा हौदात कोसळतो. त्याच पाण्याच्या जोरावर खाली एक पात्यांचे आडवे चाक फिरे. चाकाचा उभा दांडा सरळ वरच्या तळीला जोडलेला. मध्ये दुसरे कसलेच यंत्र नाही. चाक फिरले की दगड फिरला. तेथे यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी आणि मुक्कामाच्या शिपायांसाठी धान्य दळले जाई.

मी ती पाणचक्की पाहायला गेलो तेव्हा बराच वेळ त्या दगडाजवळ उभा राहिलो. इतकी सोपी युक्ती! पण ती दर्ग्यापुरती राहिली. शहराबाहेरच्या खेड्यात त्याच काळात आणि त्यानंतर दोनशे वर्षे बायका पहाटे उठून दळतच होत्या. यंत्र असणे वेगळे आणि ते आपल्यापर्यंत पोहोचणे वेगळे.

वाऱ्याची चक्की पहिल्यांदा नक्की उभी राहिलेली दिसते ती इराण आणि अफगाणिस्तान यांच्या सीमेवरच्या सीस्तान प्रांतात. दहाव्या शतकातल्या अरबी लेखकांनी तिचे वर्णन केले आहे. त्या भागात उन्हाळ्यात एकशेवीस दिवस सतत वारा वाहतो आणि तेथले लोक त्या वाऱ्याला एकशेवीस दिवसांचा वारा असेच म्हणतात. तेथली चक्की आपल्या पाणचक्कीची सख्खी बहीण आहे. उभा दांडा, त्याला उभी पाती आणि दांड्याला जोडलेला दगड. खोरासानातल्या नश्तीफान गावी अशा मातीच्या जुन्या चक्क्यांची रांग आजही उभी आहे.

युरोपात बाराव्या शतकात जी पवनचक्की निघाली ती निराळी. तिचा दांडा आडवा, म्हणून त्याची गती लाकडी दातऱ्यांच्या चाकांनी खालच्या दगडापर्यंत न्यावी लागे. आणि वारा दिशा बदलतो, म्हणून चक्कीची सगळी खोलीच एका जाड खांबावर बसवलेली. वारा फिरला की चक्कीवाला मागचा दांडा खांद्याला लावून घरच्या घर वाऱ्याकडे वळवी. साक्रीच्या डोंगरावरची चक्कीदेखील वाऱ्याकडे तोंड फिरवते, फक्त तिला खांदा लावायला माणूस लागत नाही.

आता इंग्लंडातील एका गावची हकीकत सांगतो. तिच्यासाठीच मी एवढा मोठा फेरा घेतला. साल ११९१. बरी सेंट एडमंड्स नावाचे गाव. तेथे मोठा मठ होता आणि गावची जमीन मठाच्या ताब्यात होती. मठाधिपती सॅमसन. तेथला हर्बर्ट नावाचा एक वृद्ध धर्माधिकारी, त्याने आपल्या जागेत एक पवनचक्की बांधली. मठाधिपतीला हे कळताच तो इतका संतापला की त्याला अन्न गोड लागेना. सकाळी त्याने सुतारांना हुकूम दिला की जा आणि ती चक्की पाडून टाका. म्हातारा हर्बर्ट धावत आला आणि म्हणाला की, वाऱ्याचा लाभ हा कोणालाही नाकारता येत नाही, आणि मी तर फक्त माझेच धान्य दळणार आहे.

मंडळी, मी हे रात्री कचेरीत वाचत होतो. वाचता वाचता पुस्तक खाली ठेवले. माझी आजी खळ्यावर हेच बोलली होती! आठशे वर्षांचे अंतर, सात समुद्रांचे अंतर, आणि वाक्य एकच.

मठाधिपतीने ऐकले नाही. त्याचे म्हणणे असे की, तुझी चक्की झाली की गावचे लोक तुझ्याकडे दळायला येतील आणि माझ्या चक्क्यांचे उत्पन्न बुडेल. म्हणजे भांडण वाऱ्याचे नव्हतेच. भांडण दळणावळीचे होते. हर्बर्टने निमूटपणे जाऊन आपली चक्की स्वतःच पाडली. मठाचे नोकर पाडायला पोहोचले तेव्हा तेथे पाडण्यासारखे काही उरले नव्हते. ही सारी हकीकत त्याच मठातल्या जोसेलिन नावाच्या साधूने लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला कळते.

त्या काळी युरोपात ठिकठिकाणी असा दंडक होता की, रयतेने धन्याच्याच चक्कीवर दळले पाहिजे आणि त्याचा वाटा दिला पाहिजे. घरी हाताचे जाते ठेवणे हा गुन्हा. सेंट आल्बन्स येथल्या मठाने चौदाव्या शतकात गावकऱ्यांची जाती जप्त केली आणि ती मठाच्या बैठकीच्या जमिनीत फरशी म्हणून बसवली. लोकांच्या भाकरीचे दगड पायाखाली तुडवायचे! पन्नास वर्षांनी, १३८१ मध्ये, शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले. तेव्हा गावकरी मठात घुसले, त्यांनी ती फरशी उखडली, दगड फोडले आणि त्याचे तुकडे प्रसादासारखे घरोघर वाटून घेतले. ते बंड मोडले गेले. पण आजोबांचे जाते कोणत्या फरशीत आहे हे पन्नास वर्षे लोक विसरले नव्हते, ही गोष्ट मला बंडाहूनही मोठी वाटते.

पुन्हा आपल्या खानदेशात येऊ. येथे जात्याची सुटका वाऱ्याने केली नाही, तेलाच्या एंजिनाने केली आणि मग विजेने. आमच्या गावात स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी पिठाची गिरणी आली. तिचा पुक-पुक आवाज ऐकायला सगळा गाव जमला. बायकांना केवढा आनंद झाला असेल! पहाटेची झोप मिळाली. खांदे सुटले. आणि माझ्या आजीचे? तिचे चार घरांचे दळण महिन्याभरात बंद झाले. गिरणीवाल्याने तिच्यावर काही अन्याय केला नव्हता. लोकांनीही केला नव्हता. ती पुढे कापूस वेचायला जाऊ लागली. त्या दिवसांविषयी ती एवढेच म्हणे, "हात सुटनात, पोट अडकनं."

या दोन शब्दांत यंत्राचा सगळा प्रश्न आहे. यावर मोठमोठ्यांनी विचार केलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वी अँटिपॅटर नावाच्या ग्रीक कवीने पाणचक्की निघाली तेव्हा आनंदाने लिहिले की, दळणाऱ्या मुलींनो, आता उशिरापर्यंत झोपा, तुमचे काम पाण्याच्या देवता करतील. कार्ल मार्क्सने १८६७ च्या आपल्या 'भांडवल' या ग्रंथात ही कविता घेतली आणि टोला मारला की, त्या भोळ्या कवीला कळले नव्हते की यंत्राने कामाचा दिवस लांबवताही येतो. मराठीत पिठाच्या गिरणीलाही गिरणी म्हणतात आणि कापडाच्या गिरणीलाही गिरणीच म्हणतात. जळगावच्या खानदेश मिलच्या भोंग्यावर ज्यांची पहाट झाली, त्यांना मार्क्सचा हा टोला समजावून सांगावा लागत नाही.

महात्मा गांधी दुसऱ्या बाजूने आले. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या शेजारच्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते आणि गांधीजींनी ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन केले. त्या ग्रामोद्योगांत हातदळणालाही त्यांनी मानाचे स्थान दिले होते. त्यांचे म्हणणे की, गिरणी पिठातले सत्त्व घालवते आणि गरिबाची कमाई घालवते. दुसरा मुद्दा माझ्या आजीपुरता शंभर टक्के खरा होता. पण मी कामगार कार्यकर्ता आहे. मी आजीच्या हाताचे घट्टेही पाहिले आहेत. जाते परत आणा असे मी कोणत्याही बाईला सांगणार नाही. आणि मला सांगणारे पुरुष भेटले, तर त्यांना मी आधी महिनाभर दळायला बसवीन.

मग आमचे मागणे काय? यंत्र येऊ द्या. पण ज्याचे हात त्याने सुटले, त्याच्या पोटाचा विचार त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी नको.

आता त्या पांढऱ्या चक्क्यांकडे पुन्हा पाहू. भारतात विजेसाठी पवनचक्क्यांचे पहिले प्रयोग १९८६ च्या सुमारास झाले आणि त्यांत आपल्या कोकणातले देवगडही होते. पुढे साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्या आल्या आणि मग आपल्या पश्चिम खानदेशात. चांगला माणूस चिकाटीने दिवसभर काम करू लागला तर त्याची शक्ती सुमारे पाऊणशे वॅट भरते. म्हणजे एक मेगावॅटची चक्की भरवाऱ्यात एका वेळी तेरा हजारांहून अधिक माणसांचे काम करते. कोळसा लागत नाही, धूर निघत नाही. भुसावळजवळ दीपनगरच्या कोळशाच्या वीजकेंद्राची राख ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या गोष्टीची किंमत कळेल. म्हणून मी पवनचक्कीच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी तिकडच्या एका डोंगरावर राखणदारी करणारे अकरा जण आमच्या युनियनकडे आले. सगळे जवळच्या पाड्यांवरचे आदिवासी. एका कंत्राटदाराच्या हाताखाली बारा-बारा तास पहारा करीत. पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जाई, पण तो भरला जात नव्हता. मी चौकशीसाठी वर गेलो. चक्कीच्या खाली उभे राहिले की पात्यांचा आवाज छातीत वाजतो. मी एकाला विचारले, "दादा, ही किती वीज करते?" तो म्हणाला, "मला काय ठाऊक? मी माझा मोबाईल खाली ढाब्यावर चार्ज करतो."

बंधुभगिनींनो, त्या अकरा जणांचे पैसे मिळवायला आम्हाला दोन वर्षे लागली. मिळाले. मोठा विजय म्हणून मी हे सांगत नाही. त्या डोंगरावर मला दिसले की ११९१ सालचे भांडण अजून मिटलेले नाही. तेव्हा वारा मठाधिपतीचा नव्हता, पण वाऱ्याखालची जमीन त्याची होती, म्हणून वाराही त्याचा झाला. आज ज्या डोंगराच्या माथ्यावर पाती फिरतात, त्या डोंगराच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतात, गुरे चारतात, नागली पिकवतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या नावावर सातबारा नाही. २००६ चा वनहक्क कायदा त्यांच्यासाठी झाला. पण कायद्याचा कागद डोंगर चढायला फार वेळ लावतो. खळे आपले नसले की वाराही आपला उरत नाही. आजीला जे एका खळ्यावर कळले, तेच मला त्या डोंगरावर कळले.

यावर उपाय नाही असे नाही. डेन्मार्क देशात कोपनहेगन शहराच्या समोर समुद्रात मिडेलग्रुंडेन येथे २००० साली वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी निम्म्यांची मालकी एका सहकारी संस्थेकडे गेली आणि तिचे साडेआठ हजारांहून अधिक सभासद होते. शिक्षक, नोकरदार, साधी माणसे. त्यांनी वाऱ्यात भाग घेतला. आपल्या खानदेशाला सहकार काही परका नाही. आपण दूध, कापूस आणि ऊस सहकारात आणला. आपल्या सहकारी संस्थांचे काय झाले हेही मला ठाऊक आहे. ते दुखणे मी झाकत नाही. पण दुखणे आहे म्हणून शरीर टाकून देत नाहीत. ज्या पाड्याच्या माथ्यावर चक्की फिरते, त्या पाड्याचा तिच्यात भाग का असू नये? भाग दूरच, निदान त्या पाड्यावर रात्री दिवा तरी का लागू नये?

आपण चोपड्याचे लोक म्हणाल, आमच्या तालुक्यात चक्क्या नाहीत, आम्हाला याचे काय? वारा नसेल, तर आपल्याकडे ऊन भरपूर आहे. आता सभा संध्याकाळची आहे तरी आपण सगळे वारा घालत बसला आहात, यावरूनच ते सिद्ध होते. उद्या उन्हासाठी जमिनी मागायला माणसे येतील, काही ठिकाणी आलीही आहेत. करार समोर येईल. त्यावर अंगठा किंवा सही करण्याआधी एवढे विचारा की, यात माझ्या गावाचा भाग किती, आणि माझ्या शेतावर मजुरीला येणाऱ्या बाईचे उद्या काय? दुसरा प्रश्न विसरू नका. तो प्रश्न माझ्या आजीसाठी कोणी विचारला नव्हता.

तिचे जाते आज माझ्या अंगणात आहे. सून म्हणते, त्याच्यावर तुळस ठेवू. मी अजून ठेवू दिलेली नाही. कधी कधी शेजारची मुले येऊन खुंटा धरून ते फिरवतात आणि दगडाचा घरघर आवाज ऐकून हसतात. मी त्यांना सांगतो, फिरवा. पण हे कोण फिरवीत होते ते आधी ऐका.